सातासमुद्रापार उडून आलेलं विमान गेटजवळ येऊनच का धडकतं?

विमानाची चाकं धावपट्टीला टेकली की आपल्याकडच्या प्रवाशांच्या अंगात वेगळंच बळ येतं. बेल्टचे खटके उघडतात, डोक्यावरच्या कप्प्यांची झाकणं धाडधाड वर जातात, "दादा, ती निळी बॅग जरा द्या ना" सुरू होतं. निम्मे लोक फोनवर, "हो, उतरलो, गाडी काढ." आणि नेमकं तेव्हाच विमान टर्मिनलपासून हाकेच्या अंतरावर येऊन थांबतं. गेट समोर दिसतंय, एरोब्रिज दिसतोय, पण विमान जागचं हलत नाही. पाच मिनिटं जातात, कधी दहा. मग सगळा राग पायलटवर निघतो.

पायलट बहुतेक वेळा एका माणसाची किंवा एका स्क्रीनची वाट बघत असतो. ते मिळाल्याशिवाय त्याने पुढे जायचं नसतं. आणि ही वाट बघण्याची वेळ ऐकायला कंटाळवाणी वाटली, तरी विमानाच्या जमिनीवरच्या प्रवासातला हा चांगलाच नाजूक टप्पा आहे. आकाशात दोन विमानं एकमेकांच्या वरून जातात तेव्हा त्यांच्यात साधारण १,००० फुटांचं अंतर असतं. गेटजवळ हाच हिशेब चार-पाच मीटरवर येतो.

हिथ्रोवर नेमकं काय झालं?

२८ सप्टेंबर २०२२ ची संध्याकाळ. आइसलँडएअरचं बोइंग ७५७ लंडनच्या हिथ्रो विमानतळावर उतरून आपल्या पार्किंगच्या जागेपाशी आलं. या जागेला विमानतळाच्या भाषेत 'स्टँड' किंवा 'बे' म्हणतात. हिथ्रोवर प्रत्येक स्टँडसमोर विमानाला आत घेण्यासाठी एक यंत्रणा असते. ती चालू करायची जमिनीवरच्या कर्मचाऱ्यांनी, तेही जागा मोकळी आहे याची खात्री करून. त्या दिवशी यंत्रणा बंद होती, कारण ती चालू करणारे कर्मचारी अजून पोहोचलेच नव्हते. नियमाप्रमाणे ७५७ च्या पायलटने विमान स्टँडच्या अलीकडे थांबवलं.

अडचण एवढीच होती की नाक स्टँडकडे असलं तरी शेपूट मागच्या टॅक्सीवेच्या बाजूला राहिलं होतं. टॅक्सीवे म्हणजे विमानांचा जमिनीवरचा रस्ता. त्याच रस्त्याने कोरियन एअरचं बोइंग ७७७ उड्डाणासाठी निघालं होतं. या विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत सुमारे ६५ मीटर. मागून जाताना ७७७ च्या पंखाचं टोक थांबलेल्या ७५७ च्या शेपटीला लागलं. कुणाला इजा झाली नाही, पण दोन्ही विमानं जागेवरच अडकली.

या घटनेत कुणी बेदरकार वागलं नाही. एका पायलटने यंत्रणा बंद दिसली म्हणून विमान थांबवलं, म्हणजे बरोबरच केलं. दुसरा नेहमीच्या रस्त्याने चालला होता. कर्मचारी पोहोचायला उशीर झाला, जो जगातल्या कुठल्याही विमानतळावर रोज होतो. तरीही धडक झालीच.

थांबलेल्या विमानाची शेपटी आणि मागून जाणाऱ्याचा पंख, ही जोडी अशा अपघातांत पुन्हा पुन्हा भेटते. एप्रिल २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर एअर फ्रान्सच्या अवाढव्य ए-३८० चा पंख कॉमएअरच्या छोट्या विमानाच्या शेपटीला लागला आणि ते छोटं विमान खेळण्यासारखं गर्रकन फिरलं. त्याचा व्हिडिओ आजही सोशल मीडियावर फिरतो. मे २०१८ मध्ये इस्तंबूलच्या अतातुर्क विमानतळावर एशियाना एअरलाइन्सच्या ए-३३० ने उभ्या असलेल्या टर्किश एअरलाइन्सच्या ए-३२१ च्या शेपटीचा उभा भाग अक्षरशः आडवा केला. सप्टेंबर २०२४ मध्ये अटलांटात डेल्टाच्या ए-३५० ने एका छोट्या जेटची शेपटीच तोडली. फेब्रुवारी २०२५ मध्ये सिएटलला जपान एअरलाइन्सच्या ड्रीमलायनरचा पंख डेल्टाच्या बोइंग ७३७ च्या शेपटीत घुसला. ते ७३७ अंगावरचा बर्फ काढून घेण्यासाठी थांबलं होतं.

आपल्याकडचं एक उदाहरण कोलकात्याचं. २७ मार्च २०२४ ला चेन्नईला निघालेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान धावपट्टीवर जाण्याच्या परवानगीची वाट बघत उभं होतं. शेजारून दरभंग्याला निघालेलं इंडिगोचं विमान गेलं आणि पंखाला पंख घासला. डीजीसीएने चौकशी लावली आणि इंडिगोच्या दोन्ही पायलटना ड्युटीवरून बाजूला केलं.

पायलटला पंख दिसत नाही का?

मोठ्या विमानांत, खरंच दिसत नाही. कॉकपिट विमानाच्या अगदी नाकाशी आणि पंखाचं टोक तिथून कित्येक मीटर मागे आणि बाजूला. अमेरिकेतल्या अपघातांचा तपास करणाऱ्या एनटीएसबी या संस्थेने २०१२ मध्ये स्पष्ट म्हटलं होतं की ७४७, ७५७, ७६७, ७७७ आणि ए-३८० सारख्या विमानांत पायलटला पंखाचं टोक बघायचं असेल तर कॉकपिटची खिडकी उघडून डोकं बाहेर काढावं लागेल, आणि ते बऱ्याचदा शक्य नसतं. कारला असतात तसे साइड मिरर विमानाला नसतात.

म्हणजे पायलट अंदाजाने चालवतो का? तसंही नाही. जमिनीवर पिवळी रेघ आखलेली असते. पुढचं चाक त्या रेघेवर ठेवलं, तर पंखांच्या दोन्ही टोकांना काही लागणार नाही अशा बेताने ती काढलेली असते. पायलट पंख बघत नाही, रेघ बघतो. पण या हिशेबात एक गृहीतक लपलेलं आहे. रेघेच्या आजूबाजूला जे जिथे असायला हवं, ते तिथेच असलं पाहिजे. कुणी चार-सहा मीटर अलीकडे थांबलं, तर रेघ खरी असूनही हिशेब चुकतो. हिथ्रोवर तेच झालं.

दुसरी गंमत वळणाची. एसटी स्टँडवर गाडी वळून बाहेर पडताना मागे उभ्या असलेल्यांना "ओ, सरका मागे" असं कुणीतरी ओरडतं, ते का, हे ज्याने एकदा अनुभवलंय त्याला माहीत आहे. बसचं तोंड डावीकडे वळलं की मागच्या चाकांच्या मागे असलेला भाग आधी उजवीकडे बाहेर येतो. विमानाचं तसंच. प्रवासी जेटचे पंख सरळ आडवे नसतात, मागे झुकलेले असतात. त्यांची टोकं मुख्य चाकांच्याही मागे जातात. त्यामुळे विमान डावीकडे वळायला लागलं की उजव्या पंखाचं टोक थोडं आणखी बाहेर सरकतं. सरळ जाताना जेवढी जागा पुरली असती, तेवढी वळताना पुरत नाही. पायलट लोक याला 'विंग ग्रोथ' म्हणतात. पंख वाढत नाही, पण शेजारच्या विमानाला तो वाढल्यासारखाच लागतो.

३६ मीटरची चौकट

पार्किंगची जागा किती असते, हेही बघू. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे आयकाओने, पंखांच्या रुंदीनुसार विमानांचे गट पाडलेत. भारतात देशांतर्गत प्रवासात आपण बहुतेक वेळा ज्यात बसतो ती ए-३२० आणि ७३७ ही विमानं 'सी' गटात येतात. या गटाची वरची मर्यादा ३६ मीटर. आणि ए-३२० च्या पंखांची रुंदी किती? ३५.८ मीटर. हा योगायोग नाही. विमान बनवणाऱ्या कंपन्या पार्किंगची चौकट डोळ्यासमोर ठेवूनच पंख आखतात. ए-३८० ची रुंदी ७९.७५ मीटर आहे, कारण त्याच्या गटाची मर्यादा ८० मीटरची आहे. बोइंगने तर नव्या ७७७एक्सला घडी होणारी पंखांची टोकं दिली आहेत. उडताना जवळपास ७२ मीटर आणि जमिनीवर टोकं वर दुमडली की ६५ च्या आत. सोसायटीच्या पार्किंगमध्ये आरसे मिटून गाडी लावतात, तसंच काहीसं.

'सी' गटाच्या विमानाला स्टँडवर शिरताना शेजारच्या विमानापासून किंवा खांबापासून किमान ४.५ मीटर अंतर राहायला हवं, असा आयकाओचा नियम आहे. मोठ्या विमानांसाठी ७.५ मीटर. साडेचार मीटर म्हणजे एक एसयूव्ही जेमतेम मावेल एवढी जागा. रेघेवरून दोन मीटर भरकटलं किंवा शेजारच्याने आपलं विमान थोडं वाकडं लावलं, की ही जागा पटकन खाल्ली जाते.

मग लक्ष ठेवतं कोण?

लोकांना वाटतं, एटीसी. म्हणजे टॉवरमध्ये बसलेले नियंत्रक. पण त्यांचं मुख्य काम धावपट्टी आणि टॅक्सीवेचं. गेटभोवतीच्या मोठ्या काँक्रीटच्या पटांगणाला 'एप्रन' म्हणतात, आणि बऱ्याच मोठ्या विमानतळांवर तिथली वाहतूक वेगळा कक्ष सांभाळतो. नियंत्रक तुम्हाला रस्ता सांगतो, "अमुक टॅक्सीवेने जा, तमुक स्टँडवर जा." तुमच्या पंखाचं टोक शेजारच्या शेपटीपासून किती मीटरवर आहे हे तो मोजत नाही, आणि टॉवरच्या काचेतून, रात्री, ते मोजताही येत नाही. रस्ता मोकळा दिसत नसेल तर थांबायचं, ही शेवटची जबाबदारी कॅप्टनची. ज्याला पंख दिसत नाही, त्याचीच.

स्टँडवर आत घ्यायला कधी मार्शलर असतो, दोन हातांत चमकत्या काठ्या घेऊन खुणा करणारा. कधी भिंतीवरचा स्क्रीन असतो. लेझरने विमानाचं नाक हेरून तो पायलटला डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या, आता किती मीटर राहिले, आणि शेवटी 'स्टॉप' असं दाखवतो. यंत्र हुशार आहे, पण ते नाकाकडे बघतं. पंखाच्या टोकाखाली एखादी सामानाची ट्रॉली लाल रेघेबाहेर राहिली असेल, तर ती बघायचं काम माणसाचं. अडचणीच्या जागी पंखांच्या टोकाशी चालत येणारी माणसं ठेवतात. त्यांना 'विंग वॉकर' म्हणतात. धोका दिसला की हात वर करून विमान थांबवायचं, एवढंच त्यांचं काम, आणि विमानाच्या बाहेरून पंखाचं टोक खरोखर डोळ्यांनी बघणारी तीच माणसं असतात. म्हणून माणूस आल्याशिवाय विमान आत घेतलं जात नाही. म्हणून ती दहा मिनिटं.

त्या दहा मिनिटांत उभं राहणं का वाईट, हेही यातच आलं. चालण्याच्या वेगाने जाणाऱ्या विमानाला कचकन ब्रेक लागला किंवा ते कशाला अडखळलं, तर बसलेल्याला हिसका बसतो आणि उभा असलेला पडतो, तोही बहुतेक वेळा दुसऱ्याच्या अंगावर बॅगेसकट. १ ऑक्टोबर २०२५ च्या रात्री न्यूयॉर्कच्या ला गार्डिया विमानतळावर डेल्टाच्या नावाने उडणारी दोन छोटी जेट जमिनीवर धडकली. त्यात एक फ्लाइट अटेंडंट जखमी झाली.

मागे जाताना

गेटमधून बाहेर निघणं हा उलटा खेळ. प्रवासी विमान साधारणपणे स्वतःहून मागे जात नाही. पुढच्या चाकाला टग जोडतात आणि तो विमानाला मागे ढकलतो. यालाच पुशबॅक म्हणतात. या वेळी विमान कुठे जाणार हे टगचा ड्रायव्हर ठरवतो आणि कॉकपिटशी बोलतो तो हेडसेट लावून विमानाशेजारी चालणारा माणूस. मार्च २०२२ मध्ये दिल्लीत जम्मूला निघालेलं स्पाइसजेटचं बोइंग ७३७ पुशबॅक होताना मागे विजेच्या खांबावर गेलं आणि त्याच्या उजव्या पंखाचं नुकसान झालं. प्रवाशांना दुसऱ्या विमानात बसवावं लागलं.

खांब निर्जीव होता. मुंबईत १६ डिसेंबर २०१५ च्या रात्री जे झालं ते भयंकर होतं. हैदराबादला निघालेल्या एअर इंडियाच्या ए-३१९ चं पुशबॅक झालं होतं. जमिनीवरची माणसं बाजूला झाल्याची खूण मिळण्याआधीच विमान हललं आणि नाकाजवळ उभा असलेला एअर इंडियाचा तंत्रज्ञ चालू इंजिनात ओढला गेला. त्याचा जागीच मृत्यू झाला. गेटपाशी 'थांब' आणि 'जा' या खुणांना इतकं महत्त्व का, हे समजायला मुंबईची ही घटना पुरेशी आहे.

एप्रनवर विमानांपेक्षा गाड्याच जास्त असतात. इंधनाच्या, जेवणाच्या, सामानाच्या, शिड्यांच्या, आणि सगळ्यांना घाई. १६ मे २०२४ ला पुण्याहून दिल्लीला निघालेलं, सुमारे १८० प्रवासी असलेलं एअर इंडियाचं विमान लोहगावला टग ट्रॅक्टरवर आदळलं. प्रवासी सुखरूप होते, पण विमान कित्येक दिवस पार्किंगमध्ये अडकून राहिलं. लोहगाव हा हवाई दलाचा तळ, नागरी विमानांसाठी बे आधीच मोजके, त्यातला एक असा बंद. जुलै २०२५ मध्ये मुंबईत बंगळुरूहून येऊन उभ्या राहिलेल्या अकासा एअरच्या विमानाच्या पंखाला कार्गोचा ट्रक लागला. ऑगस्ट २०२२ मध्ये दिल्लीत तर गो फर्स्टची कार इंडिगोच्या ए-३२० नियोच्या नाकाखाली जाऊन थांबली होती, पुढच्या चाकापासून थोडक्यात वाचली. त्या फोटोवरचे मीम्स अनेकांना आठवत असतील.

ओरखडा तर पडलाय, त्यात काय?

सोशल मीडियावर अशा प्रत्येक बातमीखाली एक कमेंट असतेच, "एवढ्याशा घासण्यासाठी फ्लाइट रद्द?" याचं उत्तर २६ डिसेंबर २००५ च्या अलास्का एअरलाइन्सच्या ५३६ क्रमांकाच्या फ्लाइटमध्ये आहे. सिएटलच्या गेटवर सामान चढवणाऱ्या एका कर्मचाऱ्याच्या गाडीचा धक्का विमानाच्या अंगाला लागला. त्याने ते तेव्हा कुणाला सांगितलं नाही. विमान उडालं. सुमारे २६,००० फुटांवर, केबिनमधल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त झाला तेव्हा, त्याच जागी पत्रा फाटला आणि जवळपास फूटभर भोक पडलं. ऑक्सिजनचे मास्क खाली आले. पायलटने विमान झपकन खाली आणून सिएटलला परत उतरवलं. सगळे वाचले.

हे विमान धातूचं होतं. आताच्या ड्रीमलायनर आणि ए-३५० चं बरंचसं अंग कार्बन फायबरच्या थरांचं आहे. धातूला पोचा पडला तर निदान दिसतो. या थरांना मार बसला तर बाहेरून किरकोळ खूण आणि आत थर सुटलेले, असं होऊ शकतं. म्हणून तपासणीची यंत्रं लावेपर्यंत विमान उभं. विमान उभं म्हणजे त्याच्या त्या दिवसाच्या पुढच्या सगळ्या फेऱ्या लटकल्या. एअरलाइन्सची जागतिक संघटना आयाटाने २०२२ मध्ये अंदाज बांधला होता की जमिनीवरच्या अशा नुकसानीचा जगभरातला वार्षिक खर्च २०३५ पर्यंत दुप्पट होऊन जवळपास १० अब्ज डॉलरवर जाईल. विमानाने विमानाला धडकण्याचे व्हिडिओ व्हायरल होतात, पण यातलं मोठं नुकसान सामानाचे पट्टे, शिड्या आणि एरोब्रिज विमानाच्या अंगाला लागून होतं.

उपाय नाहीत असं नाही. एनटीएसबीने २०१२ मध्येच मोठ्या विमानांना पंखांची टोकं दाखवणारे कॅमेरे लावा, अशी शिफारस केली. ए-३८०, ए-३५० आणि ७७७-३०० ईआरमध्ये कॅमेरे असतात, पण ते मुख्यतः चाकं रेघेवर आहेत का, हे बघायला. पंखाच्या टोकाच्या कॅमेऱ्याची सक्ती झालेली नाही.

आणि एक उपाय आहे ज्याला यंत्र लागत नाही, तो म्हणजे धक्का लागला तर लगेच सांगणं. पण हे काम करणारी बरीच माणसं कंत्राटी असतात, शिफ्टवर, उन्हातान्हात, कानात इंजिनाचा आवाज. आपण सांगितलं तर नोकरी जाईल, असं ज्याला वाटतं तो पोच्याकडे काणाडोळा करतो. म्हणूनच विमान क्षेत्रात मुद्दाम केलेला हलगर्जीपणा आणि हातून झालेली चूक यांना वेगळं वागवा, चूक कळवणाऱ्याला संरक्षण द्या, असा आग्रह धरला जातो. कागदावर बहुतेक कंपन्या हे मान्य करतात. प्रत्यक्षात ट्रॉली लागल्यावर रात्री दोन वाजता तो मुलगा सुपरवायझरला फोन करतो की नाही, हे त्याच्या आधी फोन करणाऱ्याचं पुढे काय झालं यावर ठरतं. अलास्काच्या त्या कर्मचाऱ्याने गाडीचा धक्का लागल्याचं सांगितलं, पण तोवर विमान जाऊन परत आलं होतं.